पाय लागला म्हणून

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चोपड्याच्या फेरीबोटीवर मधुकरचा पाय माझ्या पायाला लागला होता. लग्नाला दोन महिने झाले असतील. १९८५ साल, पूल व्हायला अजून बरीच वर्षं होती. एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला मासळीच्या पाट्या, मधल्या वीतभर जागेत आम्ही दोघं उभे. त्याने वाकून माझ्या गुडघ्याला बोटं लावली आणि हात छातीशी नेला. शेजारची एक म्हातारी म्हणाली, नवऱ्याने बायकोला असं करायचं नसतं रे. तो म्हणाला, "पाय लागला म्हणून." मग शिवोलीचा धक्का आला, आम्ही उतरलो आणि म्हापशाला जाऊन पडद्याचं कापड घेतलं. दुसरं काहीच घडलं नाही त्या दिवशी.

चाळीस वर्षांनी हे आठवायचं कारण असं की आज पंचायतीच्या हॉलमध्ये मी शंभू सरांच्या पोटावर लाथ मारली.

लाथ चांगली बसली. सरांनी छातीपोटाला पॅड बांधलं होतं, तरी "बाई, मस्त" म्हणाले. मी मात्र तोवर वाकून त्यांच्या पॅडला बोटं लावून हात छातीशी नेला होता. तेवढ्यात सरांनी माझ्या टाळूवर दोन बोटांनी टिचकी मारली. "बाई, हा एक पॉइंट गेला तुमचा." सगळा वर्ग हसला. सर्वांत जास्त माझी नात गौरवी.

शंभू हा माझा आठवीतला विद्यार्थी. मी त्याला इंग्रजी शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. आता तो मला कराटे शिकवतो. वर्ग सुरू होताना मी त्याला वाकून नमस्कार करायचा असतो, पण तो माझ्याआधी आणि माझ्याहून खाली वाकतो. मग मी आणखी वाकते. वर्ग सुरू व्हायला त्यामुळे उशीर होतो.

मी यात पडले कशी? परेशने, माझ्या मुलाने, अट घातली होती की गौरवीला संध्याकाळी एकटीला हॉलवर पाठवायचं नाही, कोणीतरी मोठं माणूस पाहिजे. सुविधा, माझी सून, बँकेतून सहाला येते. मोठं माणूस म्हणजे मी. तीन आठवडे मी बाकावर बसून वाती वळल्या. चौथ्या आठवड्यात एक मुलगी आली नव्हती, तर सर म्हणाले, "बाई, जरा हे पॅड धरून उभ्या राहता?" पॅड धरता धरता मी पांढरा पट्टा बांधून बसले. वय चौसष्ट.

कॉन्वेंटात सिस्टर आम्हाला रोज संध्याकाळी आपापल्या चुका वहीत लिहायला लावायच्या. ती सवय राहिली आहे. आजची चूक: शत्रूला नमस्कार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना परेशने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी देशातला कराटेचा चॅम्पियन, पदकं मिळवलेला, आणि समोर एक जाडा माणूस. चॅम्पियनने नाचत नाचत पुढे येऊन जाड्याला बुक्की लावली आणि पाठ फिरवून हात वर केला. जाड्याने मागून त्याची मान धरली. पुढचं मी पाहिलं नाही.

"हे तुझं कराटे," परेश गौरवीला म्हणाला. "हात लावायचा आणि पंचाच्या झेंड्याकडे बघायचं. रस्त्यावर झेंडा घेऊन कोण उभा असतो?"

गौरवी म्हणाली, "बाबा, डिचोलीला स्पर्धा आहे. एक फेब्रुवारीला. फॉर्मवर पालकांची सही लागते, पंधरा जानेवारीच्या आत."

"बघू. मला या वर्गाचा एक तरी खरा उपयोग दिसू दे. नाहीतर मार्चपासून बंद. नववीचं वर्ष आहे पुढे."

तिने भात चिवडला. माझ्या नातीला दोनच गोष्टी मनापासून आवडतात, आंब्याचं मिस्कूट, म्हणजे लोणचं, आणि ही मॅटवरची उडी. शाळेत ती वर्गात मागे बसते आणि कुणाशी फार बोलत नाही. मॅटवर तिचा आवाज हॉलबाहेरच्या पिंपळापर्यंत जातो. हे परेशला माहीत नाही, कारण तो कधी आलाच नाही बघायला.

संध्याकाळी हॉलवर बाबली आला होता. बाबली म्हणजे मधुकरचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या शेजारचा. चौतीस वर्षं वास्कोला बंदरात होता, क्रेनच्या हाताखाली. निवृत्त होऊन कोरगावात परत आला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, बोटी वेळेवर येत नसत. मी शाळेत आयुष्यभर शुद्ध बोलायला शिकवलं, पण त्याचं बोलणं शुद्ध करून लिहिलं तर तो बाबली राहणार नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

तो बाकावर बसला, माझी एक फेरी पाहिली आणि म्हणाला, "वयनी, ह्येका झुज म्हणतत? ह्यां तर शिवणापाणी."

इस्त्रीचा शर्ट आणि केसांना तेल होतं. गुरुवारी पेडण्याचा बाजार असतो, तिथून परस्पर आला असेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाबली आता दर गुरुवारी येतो. हसायला येतो असं स्वतःच सांगतो. आज मात्र त्याची आणि शंभू सरांची जुंपली.

गौरवीने एका मुलीला पोटात बुक्की लावली. सरांनी "यामे" म्हटलं. यामे म्हणजे थांबा. ते ऐकलं की जिथे असाल तिथे हात खाली करून आपापल्या रेघेवर परत जायचं. गौरवी पाठ वळवून रेघेकडे निघाली, मूठ वर करून.

"मेली," बाबली बाकावरून म्हणाला.

"कोण मेली, आजो?" गौरवीने विचारलं.

"तू. पाठ दाखवलीस मगे मेलीस. थंय गोदीत रेग नसता. खालती तेल सांडलेलां आसता. समोरचो एकटो येयना, तेचे दोन भाव मागे आसतत. आणि तो पयलो नमस्कार करून सुरू करीत नाय."

मला वाटलं शंभू सर चिडतील. ते बाकाजवळ जाऊन खाली मांडी घालून बसले. "बाबलीमामा, खरं आहे तुमचं. हा खेळ आहे. केस ओढले तर काय करायचं, खाली पाडलं तर काय करायचं, हे यात येत नाही. जोरात मारलं तर उलट आम्हालाच दंड. चेहऱ्यापासून तीन बोटं मूठ थांबली पाहिजे."

"मगे शिकयतंस कित्याक?"

"तीन गोष्टी येतात. अंगावर कोणी धावून आलं तर पोरं गोठत नाहीत. किती अंतरावर उभं राहायचं ते कळतं. आणि हात थांबवता येतो."

"हात थांबवूक शिकचां लागता?" बाबली म्हणाला. मग तो आपल्या उजव्या मुठीकडे बघत बसला. त्याचं मधल्या बोटाचं हाड आत बसलेलं आहे. क्रेनमध्ये सापडलं होतं, असं मधुकर म्हणायचा.

अंतराच्या बाबतीत मी वर्गात पहिली आहे. कॉन्वेंटात प्रार्थनेच्या रांगेत पुढच्या मुलीपासून हातभर अंतर ठेवावं लागे, आणि सिस्टर पट्टीने मोजत. बारा वर्षं मोजलेलं अंतर अंगातून जात नाही. माझ्यावर सहजासहजी कोणाला पॉइंट मिळत नाही. फक्त माझी लाथ लागली की मी वाकते, आणि तिथे जातो.

७ डिसेंबर, रविवार

आज अंगणात गौरवीने मला पन्नास लाथा मारायला लावल्या, फणसाच्या झाडाला उशी बांधून. अट एकच, वाकायचं नाही. पन्नासांत मी एकेचाळीस वेळा वाकले.

"आजी, झाड आहे ते."

"झाड असलं म्हणून काय झालं? तुझ्या आजोबांनी लावलंय."

बाबली पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, उंडे घेऊन आला होता. हल्ली रोजच आणतो. पोदेर आमच्याही दारात येतो हे त्याला मी दोनदा सांगून झालं. त्याला वाटतं आमच्याकडे पोचेपर्यंत उंडे गार होतात. फाटकात उभा राहून तो लाथा मोजत होता आणि पस्तिसाव्याला म्हणाला, "वयनी, गुडघो."

"काय झालं गुडघ्याला?"

"कायेक नाय. जपा."

इतका वेळ उभा राहून हा माणूस दुसऱ्याच्या गुडघ्यात चुका काढतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

बाबलीने टोचल्यापासून सरांनी गुरुवारी शेवटची दहा मिनिटं वेगळी ठेवली आहेत. त्यात यामे नाही. एकाने मनगट किंवा वेणी धरायची, दुसऱ्याने सुटायचं, आणि सुटल्यावर दाराकडे पळायचं. पाठ दाखवायची असेल तर पळतानाच, असं सर म्हणाले. गेल्या गुरुवारी गौरवी वेणी सोडवून इतकी पळाली की थेट रस्त्यावर गेली आणि भेळ घेऊन परत आली.

आज सर बाबलीला म्हणाले, "मामा, तुम्ही धरा बाईंना. आम्ही सगळे एकमेकांना जपून धरतो. तुम्ही जरा खरं धरा."

बाबली उठला नाही. "माका सांगू नको."

"नुसता हात धरायचाय मामा."

"सांगितलंय मां. मी कोणाक हात लावचंय नाय."

आणि उठून निघून गेला. सर ओशाळले. मी म्हटलं, जाऊ दे, वर्गासमोर एका बाईकडून हरायची भीती वाटली असेल. बंदरात काम केलं म्हणून कोणी पैलवान होत नाही.

डिचोलीची एक नवी गोष्ट कळली. तिथे पन्नाशीपुढच्या महिलांचा गट आहे. रुक्मिणी नावाच्या एक बाई दोन वर्षं त्यात एकट्याच नाव देतात, समोर कोणी नसतं, आणि सुवर्णपदक घेऊन घरी जातात. सर माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघितलं.

२५ डिसेंबर, गुरुवार

वर्ग नाही. कॉन्वेंटात आजच्या दिवशी केकचा तुकडा मिळायचा, आणि तो शेजारणीला आधी द्यायचा असा नियम होता. शेजारीण तिचा मला द्यायची. सगळ्यांना शेवटी दुसऱ्याचाच तुकडा मिळे. बाबलीने नेवऱ्या आणि बिबिंका आणून दिली, कुठून ते सांगितलं नाही. रस्त्यापलीकडच्या फ्रान्सिसच्या घरून असणार.

गौरवीने दोन फॉर्म आणलेत. एक तिचा, एक माझा. माझ्या फॉर्मवरही घरच्या माणसाची सही लागते. चौसष्ट वर्षांच्या बाईला मुलाची परवानगी.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

परेशने आज सही करायला नकार दिला. आरडाओरडा केला नाही, तोच त्याचा वाईट भाग. त्याच्या बापासारखा तो हळू बोलतो.

"आई, मी हिला खेळू नको म्हणत नाही. बॅडमिंटन खेळू दे. पण आपल्याला मारामारी येते असं हिला वाटायला लागलंय. उद्या म्हापशाच्या स्टँडवर कोणी बॅग ओढली, तर ही पळायचं सोडून समोर उभी राहील आणि पॉइंट मारेल. मग? न येणारं माणूस निदान घाबरून पळतं."

यात खोटं काही नाही. खरं तर मला स्वतःलाच शंका आहे. मॅटवर मी धीट आहे. पण मॅटवर समोरच्याला माझं काहीच नको असतं, फक्त पॉइंट हवा असतो.

गौरवी रडली नाही. तिने पट्टा घडी करून कपाटात वर ठेवला, जिथे तिचा हात पुरत नाही. त्यासाठी स्टूल घेतलं. मला ते स्टूल पाहून फार वाईट वाटलं.

दुपारी परेश आणि बाबली विहिरीजवळ बराच वेळ बोलत होते. बाबली मान हलवत होता, नाही नाही म्हणून. मग परेश काही तरी म्हणाला, माझ्या खोलीच्या दिशेने हात केला आणि बाबलीची मान हलायची थांबली. पंप परत बिघडलेला दिसतो.

१२ जानेवारी, सोमवार

काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण अजून माझं मलाच खरं वाटत नाही.

सकाळी दहाच्या सुमारास मी देवळातून परत येत होते. सोमवार म्हणून गेले होते. वाट आमच्या काजूच्या भाटातून, म्हणजे बागेतून, येते. काजूला मोहोर धरलाय, वास सुटला होता. माझ्या खांद्याला कापडी पिशवी, तीत प्रसादाची केळी, छत्री आणि चष्मा.

मागून पिशवीला हिसका बसला.

मी वळले. एक उंच माणूस, तोंडाला पंचा, डोक्यावर खाणीवर घालतात तसलं हेल्मेट. त्याच्या हातात माझी पिशवी. दोन महिन्यांत शिकले ते सगळं अंगातून एकदम आलं, मला विचारायला थांबलं नाही. डावा पाय पुढे, आवाज, उजवी मूठ. मूठ त्याच्या डोळ्यासमोर जाऊन तीन बोटांवर थांबली. तिथून लगेच लाथ. पोटावर मारायची होती, मांडीला लागली.

आणि मग मी काय केलं? मागे सरून रेघेवर उभी राहिले. रेघ नव्हती. डावीकडे झेंड्याकडे पाहिलं. तिथे एक कोंबडी होती.

चोराची मूठ वर गेलेली होती. कानाच्या मागे. तशी मूठ मी हॉलवर कुणाचीच पाहिलेली नाही. पॉइंटासाठी उचललेली ती मूठ नव्हती. ती खाली आली असती तर मी ही वही लिहीत नसते.

पण माझं अंग अजून आपलंच काम करत होतं. पाय लागला होता ना. मी पुढे होऊन वाकले, चोराच्या मांडीला बोटं लावली आणि हात छातीशी नेला. माझं डोकं बरोबर त्या मुठीखाली.

पंचाच्या आतून आवाज आला, "ऱ्हांव दे, ऱ्हांव दे, वयनी."

कुठलाही चोर असं म्हणत नाही. नमस्काराला असं उत्तर द्यायची सवय लागते, ती घरातल्या माणसांत राहून. मी मान वर केली. मूठ तशीच वर होती, आणि मधल्या बोटाचं हाड आत बसलेलं.

"बाबली?"

काजूच्या झाडामागून परेश बाहेर आला, हातात मोबाइल. चित्रण चालू होतं. पंपाबद्दल काही बोलणं झालंच नव्हतं म्हणे.

"बघितलंस आई?" परेश म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. "चोराला नमस्कार केलास तू. हेच सांगत होतो मी."

मी बाबलीला चांगले दोन शब्द ऐकवणार होते, पण तो खालीच बसला. हेल्मेट काढलं नाही, पंचा काढला नाही. उजवा हात डाव्या हातात धरून नुसता बघत बसला. मला वाटलं लाथ फारच लागली. मी त्याला प्रसादाचं केळं दिलं. त्याला ते सोलता येईना, मग मीच सोलून दिलं.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी उंडे आले नाहीत. दहा वाजता बाबली स्वतः आला आणि परेश कामावर निघत होता त्याला म्हणाला, "बस जरा." पायरीवरच बसले दोघं. मी दारात. गौरवी शाळेत गेली नव्हती, पोट दुखतं म्हणून. ती खिडकीत.

बाबलीने सांगितलं ते असं. १९८३ साली गोदीत दोन टोळ्यांचं भांडण झालं होतं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना हा घरी निघाला. मागून कोणी तरी खांद्यावर हात ठेवला. याने न बघता वळून मारलं. एकच.

"भिकाजी तो. सावंतवाडीकडचो. माझ्याच टोळीतलो. मी जेवणाचो डबो विसरलंय, तो देवक येयत होतो." त्याने आपलं मधलं बोट चाचपलं. "डोळो गेलो तेचो."

परेशने गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

"पोलिसांका तेनां सांगलां, घसरान पडलंय. माझां नाव घेतलां नाय." त्याने परेशकडे पाहिलं. "तुका खरी झुज व्हयी मां पोराक शिकवूक? ती माका येता. माका तीच एक येता. थंय थांब म्हणणारो कोण नसता, आणि माझो हात स्वताहून थांबणा नाय. काल वयनीची मूठ माझ्या डोळ्यासमोर तीन बोटां थांबली. माझी वर गेलली. ती वाकली म्हणान ऱ्हवली. नाय तर..."

मग म्हणाला, "चेडवाक सही दी. मारूक खंयय शिकतली ती. थांबूक खंय शिकतली?"

परेशने खाली बघितलं. म्हणाला, "बाबलीकाका, मी तुम्हाला असं करायला सांगायला नको होतं."

"तू सांगलंस म्हणान नाय केलंय. माका वाटलां, एकदा भियाली तर सोडतली. एकटी देवळात जाता, एकटी येता. माका वाटत ऱ्हवता."

दर चतुर्थीनंतर बाबली सावंतवाडीला जातो आणि दोन दिवसांनी येतो. मधुकर आणि मी आपसात हसायचो, तिथे कोणी तरी बाई असणार म्हणून. इतकी वर्षं हसलो. आजची चूक हीच, आणि ती चाळीस वर्षं जुनी आहे.

परेशला मी एवढंच म्हटलं की तुझंही सगळं चुकलेलं नाही. मी झेंडा शोधत उभी राहिले, हे खरंच. पिशवी फेकून पळायला हवं होतं. गुरुवारच्या दहा मिनिटांत आता तेच करणार आहे. पण पळणं आणि हात थांबवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही यायला हव्यात. तो "हं" म्हणाला आणि कामावर गेला.

जाताना बाबलीला मी विचारलं की माझ्या एकटीच्या येण्याजाण्याचं तुम्हाला काय वाटायचं आहे. तो म्हणाला, "कायेक नाय, उंडे हाडतंय," आणि गेला. साडेदहाला कसले उंडे?

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी चहाच्या टेबलावर दोन्ही फॉर्म होते. दोन्हींवर परेशची सही. माझ्यावर 'सहभागीशी नाते' या रकान्यात त्याने 'मुलगा' लिहून खोडलं होतं आणि पुन्हा 'मुलगा' लिहिलं होतं.

गौरवीने स्टूल न घेता पट्टा काढला. उडी मारून.

संध्याकाळी परेश हॉलवर आला, पहिल्यांदाच. बाबलीशेजारी बाकावर बसला. गौरवीने एक पॉइंट घेतला आणि पाठ न वळवता, मूठ तशीच ठेवून, पावलं मागे टाकत रेघेवर गेली. बाकावरून दोघंही एकदम म्हणाले, "हां."

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

गाडी आठला निघणार. गौरवी पाचपासून तयार आहे. तिने मला माझा पट्टा तीनदा बांधून दाखवला.

फॉर्मवर छापलं आहे की सहभागी आपल्या जबाबदारीवर उतरत आहे. माझ्या गटात रुक्मिणीबाई आणि मी, दोघीच. सरांनी सांगितलंय की त्यांची लाथ चांगली आहे. त्याही पेडणे-डिचोलीकडच्याच असल्यामुळे लाथ लागल्यावर त्या वाकतात का, याची चौकशी करायची राहून गेली. दोघीही वाकल्या तर पंचाला अवघड जाणार. तसं माझ्या गुडघ्याशिवाय काही धोक्यात नाही. पण कपाटाची किल्ली कुठे असते हे घरात एकालाही माहीत नाही, आणि आज हात लागलाच आहे तर लिहून ठेवते. किल्ली तांदळाच्या डब्यात.

सुविधाला माझ्या सोन्याच्या पाटल्या. ती कधी मागणार नाही, म्हणून पहिलं तिचं नाव.

परेशला बापाचं घड्याळ. आणि त्याने भाटात केलेलं चित्रण पुसायचं नाही. मला कोंबडी पुन्हा बघायची आहे.

गौरवीला माझे ग्लव्हज, कॉन्वेंटातल्या चुकांच्या वह्या आणि ही वही. चुका वाचाव्यात, पुन्हा करायच्या असतील तर नव्या कराव्यात.

शंभू सरांना आठवीचं हजेरीपत्रक. त्यात त्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'एका जागी स्थिर उभा राहत नाही.' शेरा मागे घेत आहे.

रुक्मिणीबाईंना मिस्कुटाची बरणी, जिंकल्या तरी, हरल्या तरी. ती पिशवीत घेतलीच आहे.

सावंतवाडीच्या भिकाजींना माझ्या लग्नातला स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा. एकदाही वापरलेला नाही. रिकामा पाठवायचा नाही. तो बाबलीनेच न्यायचा, आणि या खेपेला त्याच्याबरोबर कोणी तरी जावं. मी रिकामी असेन तर मीच जाईन.

बाबली फाटकात येऊन उभा आहे. आज रविवार, बाजार नाही, तरी इस्त्रीचा शर्ट आणि केसांना तेल. कुणाचं तरी लग्न असेल डिचोलीला. गाडीत जागा आहे, सोडू त्याला वाटेत.

त्याला माझा पांढरा पट्टा. पोटावर जरा अपुरा पडेल, पण गाठ बसेल. दर गुरुवारी बाकावर बसून फुकट बघतो ते पुरे झालं. सरांशी बोलून ठेवलंय, मंगळवारपासून एक जागा आहे, आणि त्याला पहिल्या दिवसापासून फक्त थांबायचंच शिकवायचं आहे. मनगट धरायला समोर मी उभी राहीन. त्याने धरायचं, आणि मी यामे म्हटलं की सोडायचं.

बाकी सगळं मी परत आले नाही तर. पट्टा मात्र आले तरी द्यायचा.